मायामीची लुपे सोलानो

मायामीतल्या लिटिल हवाना भागाचा हा मुख्य रस्ता, काये ओचो. उपाहारगृहाच्या भिंतीतली ही खिडकी बघा. कॉफीचे पहिले काही थेंब साखरेवर पडतात. काउंटरवरच्या बाई ते चमच्याने भराभर घोटतात, साखर फिकट होऊन फेसाळते आणि मग उरलेली कॉफी तिच्यावर ओततात. सोबत इवलेसे प्लास्टिकचे कप मिळतात, कारण ही कॉफी एकट्याने प्यायची नसते. चौघं उभ्या उभ्या वाटून घेतात. बोलणं स्पॅनिशमध्ये चालतं आणि फिरून फिरून क्यूबावर येतं.

याच शहरात लुपे सोलानो खासगी गुप्तहेर आहे. वय तिशीच्या अलीकडचं, पर्समध्ये पिस्तूल. कोकोनट ग्रोव्हमधल्या बैठ्या घरात तिचं ऑफिस आहे. नात्यातला भाऊ लिओनार्दो ते सांभाळतो. खिडकीबाहेरच्या झाडावर पोपटांचा कलकलाट चालू असतो.

लुपे कादंबरीतली आहे, पण तिची लेखिका कॅरोलिना गार्सिया-आगिलेरा यांनी हा धंदा खरोखर केलाय. जन्म हवानाचा, 1949 सालचा. 1959 मध्ये कास्त्रोंची सत्ता आली, आणि लहानपणीच त्यांना देश सोडून अमेरिकेत यावं लागलं. क्यूबन बाई गुप्तहेर असलेली रहस्यकथा लिहायची, असं त्यांच्या मनात होतं. ते काम ऐकून-वाचून लिहिता आलं असतं. त्यांनी मात्र 1986 मध्ये स्वतःच गुप्तहेराचा व्यवसाय सुरू केला आणि पुढची जवळपास दहा वर्षं तो चालवला. पहिली कादंबरी, ‘ब्लडी वॉटर्स’, त्यानंतर आली, 1996 मध्ये. म्हणूनच लुपेच्या तपासात पाळतीचा कंटाळा आहे, कागदपत्रं धुंडाळणं आहे आणि अशिलाने पहिल्या भेटीत लपवलेली गोष्टही आहे.

‘ब्लडी वॉटर्स’मध्ये बेकायदा दत्तक घेतलेली एक चिमुरडी आजारी पडते. तिला वाचवायचं तर जन्मदात्री आई शोधायला हवी, आणि माग जातो थेट क्यूबात. लुपे बोटीने, चोरून, तो समुद्र ओलांडते.

हा फ्रीडम टॉवर. 1962 ते 1974 या काळात क्यूबाहून आलेल्या निर्वासितांची नोंदणी, तपासणी आणि मदत इथे होत असे. लुपेच्या वडिलांची पिढी अशीच आली. कादंबऱ्यांमध्ये ती वडिलांना ‘पापी’ म्हणते, म्हणजे स्पॅनिशमध्ये बाबा. हे पापी श्रीमंत आहेत, पाण्याकाठी त्यांचं मोठं घर आहे. तरी त्यांची बोट कायम तयार असते. कास्त्रो पडले की त्याच दिवशी हवानाला निघायचं! मला वाटतं, या मालिकेतलं सगळ्यात मोठं रहस्य कुठल्याही खुनात नाही, या बोटीत आहे.

आणि ही समुद्राकाठची एर्मिता दे ला कारिदाद, क्यूबाची रक्षक मानलेल्या मेरीमातेचं प्रार्थनास्थळ. 1973 मध्ये बांधून झालं. वेदीमागच्या भिंतीवर क्यूबाचा सगळा इतिहास रंगवलाय. ‘अ मिरॅकल इन पॅराडाइज’ या कादंबरीत याच मातेच्या मूर्तीच्या डोळ्यांत अश्रू येणार, अशी भविष्यवाणी होते आणि खरंखोटं शोधायचं काम लुपेकडे येतं. लुपेची बहीण लुर्दस स्वतः नन आहे, त्यामुळे हा तपास घरापर्यंत पोचतो. ‘बिटर शुगर’मध्ये भांडण आहे क्यूबात मागे राहिलेल्या साखर कारखान्याच्या मालकीचं. रहस्यकथा म्हणून ही पुस्तकं बाजूला ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. परागंदा झालेल्या एका समाजाची घरं, पैसा, श्रद्धा आणि आपसातले हेवेदावे त्यांत नोंदलेले आहेत.

याच मालिकेतल्या ‘हवाना हीट’ला 2001 चा शेमस पुरस्कार मिळाला. खासगी गुप्तहेरांच्या कथांना दिला जाणारा हा अमेरिकन पुरस्कार. सातवी कादंबरी, ‘ब्लडी ट्विस्ट’, 2010 मध्ये आली. नोव्हेंबर 2016 मध्ये कास्त्रो गेल्याची बातमी आली, तेव्हा लोक भांडी बडवत याच काये ओचोवर उतरले.

यातली प्रत्येक कादंबरी सुटी वाचता येते. पण पापींसाठी तरी सुरुवात ‘ब्लडी वॉटर्स’पासूनच करा.