मार्टिनीतलं पाणी

(बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका गच्चीवर, शनिवारच्या बैठकीत केलेलं बोलणं, थोडं नीट करून.)

बसा बसा, मागचे जरा पुढं या, तांब्या दिसायला पाहिजे. व्हय, तांब्याच आणलाय, स्टीलचा, घरातलाच, हसू नका. बारमध्ये काचेचा जाडजूड मग असतो पण आपल्याला काय करायचंय, स्टील पातळ असतं, पटकन गार होतं, आणि काचेसारखं स्वतःच बर्फ खात बसत नाही. लांब चमचा लस्सीवाल्याकडं असतो तसला. आणि चहाची गाळणी, नवी, त्या गाळणीतनं आधी चहा गेलेला असला तर आजच्या कार्यक्रमाचं वाटोळं.

तर मार्टिनी. ६० मिली जिन, १५ मिली ड्राय व्हरमूथ (औषधी पाल्याची वाइन, पुढं सांगतो), बर्फात ढवळायचं, गाळायचं, संपलं. दोन मिनिटांत सांगून झालं, मग तासभर काय बोलणार म्हणाल, तर मी ३१ वर्षं पोरांना फिजिक्स शिकवलंय, तासभर बोलायची सवय आहे. हे ढवळायचं मला शिकवलं माझ्या पुतण्यानं, तो क्रूझवर बारला आहे, सुट्टीला आला तेव्हा. आमच्या घरात मी किचनमध्ये उभा राहून ढवळतोय बघून बायको म्हणाली, आमटी ढवळालाय की काय?

माझं म्हणणं एकच आहे, आपण जिन आणि व्हरमूथ मोजून मोजून घालतो आणि तिसरी वस्तू मोजतच नाही. पाणी. ग्लासात जे शेवटी येतं त्यातला जवळजवळ पाव हिस्सा बर्फाचं पाणी असतं, आणि ते मुद्दाम असतं. आपल्याकडं पाणी घालणं म्हणजे फसवणूक, दूधवाला आठवतो लगेच. इथं तसं नाही.

लहानपणी मे महिन्यात पॉट आइस्क्रीम केलंय का कुणी? लाकडी बादली, मधे डबा, भोवती बर्फ, आणि बर्फावर खडे मीठ. आम्ही पोरं पाळीपाळीनं हँडल फिरवायचो, खांदे भरून यायचे. मीठ विसरलं तर दिवसभर फिरवा, दूध दूधच. कारण नुसता बर्फ शून्य डिग्रीला वितळतो, मीठ पडलं की तो शून्याच्या खाली वितळायला लागतो आणि वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. तांब्यात मिठाचं काम अल्कोहोल करतं. म्हणून बर्फ शून्यावर असला तरी मार्टिनी उणे तीन-चारपर्यंत खाली जाते, थर्मामीटर घालून बघितलंय मी, सवय जात नाही.

आता हिशोब. १ ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात. ७५ मिली दारू २५ डिग्रीवरनं उणे तीनवर आणायची तर ढोबळमानानं २५ ग्रॅम बर्फ वितळलाच पाहिजे, त्याशिवाय ती गार होणारच नाही. म्हणजे गारवा आणि पाणी ही जोडी आहे, एक आलं की दुसरं आलंच. ७५ चे १०० मिली होतात. बरोब्बर तेवढ्यावर जिनचा जाळ जातो आणि वास वर येतो.

आणि इथंच मी पहिल्यांदा शेण खाल्लं. मला वाटलं जिन फ्रीजरमध्येच ठेवली तर किती भारी. रात्रभर ठेवली, बर्फही थेट फ्रीजरमधला कडक, ढवळलं चाळीस सेकंद, दिसायला एकदम झकास, दाट दाट. अण्णांना दिली. अण्णा एक घोट घेऊन बराच वेळ बोललेच नाहीत, डोळ्यात पाणी. अहो जिन आधीच उणे अठराला, मग बर्फ वितळणार कशाला? पाणी आलंच नाही, अण्णांनी जवळजवळ कोरी जिन प्यायली. फ्रीजरचीच जिन वापरायची असेल तर १५-२० मिली गार पाणी हातानं घाला, लाजू नका.

बर्फाबद्दल. फ्रिजच्या ट्रेमधले ते छोटे तुकडे, बाहेर काढून पाच मिनिटं ठेवले की अंगाला पाणी सुटतं, ते पाणी हिशोबाच्या बाहेरचं. मोठे तुकडे करा, स्टीलच्या डब्यात रात्री पाणी लावा, सकाळी बाहेरनं नळाखाली धरा, वडी निसटते, फोडा. तांब्या निम्म्याच्या वर भरला पाहिजे, दोन खडे टाकून भागत नाही. आणि फ्रीजरमध्ये सुकट, बांगडा असेल तर बर्फ झाकून ठेवा बाबांनो, बर्फ सगळे वास धरतो.

शेक का नाही करायचं, तो सिनेमातला गुप्तहेर करतो की! करू दे. शेक केलं की हवा जाते, बर्फाचा चुरा होतो, पेय गढूळ होतं. लिंबाचा रस, अंडं, साय असलं काही असेल तर शेक. नुसती दारू-दारू असेल तर ढवळायचं. निग्रोनीसुद्धा ढवळायचीच, जिन, कंपारी (लाल रंगाची कडू इटालियन दारू), गोड व्हरमूथ समान समान, पण कंपारीच्या बाटलीची किंमत बघून मी तो विषय सोडलाय.

व्हरमूथवर मात्र थांबतो. ही दारू नाही, वाइन आहे, थोडी दारू घालून टिकाऊ केलेली, आणि आत औषधी पाला. नाव जर्मन वेरमूट वरनं, म्हणजे वर्मवूड, आर्टेमिशिया. आता सांगा, आर्टेमिशियाच्याच कुळातला कुठला पाला आपल्या हातात दरवर्षी येतो? दवणा! जोतिबाला चैत्रात वाहतो तो. वास घेऊन बघा दोन्हीचा, सख्खे नाहीत पण चुलत नक्की. जिनमधल्या जुनिपरलाही आपल्याकडं जुनं नाव आहे, हपुषा, आयुर्वेदात येतं, एका भारतीय जिनचं नावच ते आहे.

तर वाइन असल्यामुळं बाटली उघडली की फ्रिजमध्येच. मी वर्षभर शोकेसमध्ये ठेवली होती, पोरांच्या ट्रॉफ्यांच्या शेजारी, आणि प्रत्येक वेळी शिव्या जिनला घालत होतो. चव कशी, तर मनुका भिजवलेलं पाणी चार दिवस विसरल्यासारखी. एक-दीड महिन्यात संपवा, नाही संपली तर चिकनमध्ये घाला.

गोव्यातनं आणू का, असं विचारालाय तुम्ही. जिन तिकडं स्वस्त, चांगल्या भारतीय जिन बनतातही तिकडंच, पण वाटेत कणकुंबीला तपासणी नाका आहे आणि परमिट नसताना बाटल्या आणणं हा गुन्हा आहे. मी इथंच घेतो.

लिंबू, म्हणजे वासापुरती साल. कागदी लिंबाची साल पातळ, तेल उग्र, चालत नाही मला. ईडलिंबू मिळालं तर सोनं, नाहीतर मोसंबी. बटाट्याच्या सोलण्यानं पट्टी काढा, पांढरं नको, ग्लासावर धरून मुडपा, तेलाची बारीक फवारणी दिसते उजेडात. ऑलिव्ह मला आवडत नाही. एकदा मिठातल्या मिडीचं, म्हणजे कोवळ्या कैरीचं, पाणी चमचाभर घातलं होतं, मोहरी न लागलेलं, पुतण्या म्हणाला क्रूझवर याचे पंधरा डॉलर लावले असते.

ग्लास छोटा घ्या, गरम झाली की मजा गेली. आणि छोटा दिसतो म्हणून फसू नका, दोन पेगच्या वरचा माल आहे त्यात, गाडीला कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, तेव्हा खानापूर रोडवाले आज रिक्षानं.

हं, झालं बहुतेक. हे शेवटचं बोलता बोलता मी ढवळत होतो, बघा तांब्याला बाहेरनं कसं धुकं धरलंय, बोटानं रेघ मारली तर उमटतेय. वहिनी, ती गाळणी द्या इकडं, आणि अण्णा, पहिली तुम्हालाच.