गोल न मोजणारा करंडक

[मागे पडद्यावर: बर्फाच्या मैदानावर टेडी बेअरचा पाऊस]

नमस्कार मंडळी! आज बोलू कॅनडातल्या ज्युनिअर हॉकीत समाजकामासाठी मिळणाऱ्या एका पुरस्काराबद्दल. पण आधी, पडद्यावर हे काय चाललंय? कॅनडात नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की बर्फावरचीच. आणि नाताळाच्या आसपास एका सामन्यात यजमान संघाचा पहिला गोल झाला, की प्रेक्षक टेडी बेअरसारखी मऊ खेळणी खाली फेकतात, आणि ती मग मुलांना वाटली जातात. १९९३ साली कॅमलूप्स ब्लेझर्स या संघाने हे सुरू केलं. २०१८ मध्ये कॅलगरी हिटमेन संघाच्या एका सामन्यात २९,६३५ खेळणी जमली.

बघायला गंमत वाटते, पण यात नियम आहेत. खेळणं नवं कोरं हवं, कारण लहान मुलांची रुग्णालयं संसर्गाच्या भीतीने वापरलेलं सहसा घेत नाहीत. बॅटरीवालं नको, कुणाच्या डोक्यात बसेल. पारदर्शक पिशवीत बांधून आणा, नाहीतर खेळणं भिजतं आणि त्याचा फर बर्फाला चिकटतो. आणि यजमानांचा गोलच झाला नाही तर? मग खेळणी मांडीवर घेऊन वाट बघायची, शेवटी सामना संपल्यावर फेकायची.

आता मुद्द्याचं. एवढं सगळं करूनही यातल्या कुठल्याच खेळाडूला आजचा आपला पुरस्कार मिळत नाही, कारण हा संघाचा कार्यक्रम झाला. कॅनेडियन हॉकी लीगचा ‘ह्युमॅनिटेरियन ऑफ द इयर’ मिळतो तो एका मुलाला, त्याने स्वतः उभ्या केलेल्या समाजकामासाठी.

रचना सोपी आहे. या छत्राखाली तीन लीग येतात: ओंटारिओ, वेस्टर्न आणि क्यूबेक. वयोगट साधारण १६ ते २०. संघ आपापलं नाव सुचवतात, प्रत्येक लीग आपला मानकरी ठरवते, आणि त्या तिघांतून एक निवडला जातो.

[पडद्यावर: दोन करंडक]

ओंटारिओचा करंडक डॅन स्नायडरच्या नावाचा. ओवेन साउंड संघाचा हा जुना कर्णधार २००३ मध्ये मोटार अपघातानंतर सहा दिवसांनी गेला. वेस्टर्नचा डग विकेनहायझरच्या नावाचा. १९८० मध्ये एनएचएल या मोठ्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सगळ्यांत आधी निवडला गेलेला हा खेळाडू १९९९ मध्ये कर्करोगाने गेला.

एक मानकरी जवळून बघू. बेन फनेली, संघ किचनर रेंजर्स. २००९ मध्ये, वय १६, सामन्यात धडक बसून कवटीला फ्रॅक्चर. जवळजवळ दोन वर्षं मैदानाबाहेर. परतला तो नुसता खेळायला नाही. मेंदूच्या दुखापतींबद्दल जनजागृती आणि निधी, दोन्ही त्याने हाती घेतलं. २०१३ चा मानकरी तोच.

[कॅमेऱ्याकडे, जरा जवळून]

पैसे कसे जमतात, तो हिशेबही बघा. नेहमीची पद्धत म्हणजे ‘दर गोलमागे इतके डॉलर’. पण चौथ्या फळीतला, म्हणजे मैदानावर कमी वेळ मिळणारा पोरगा हंगामात सहा गोल मारणार. गोलमागे दहा डॉलर धरले तरी साठच! म्हणून शहाणी मुलं मोजायची गोष्ट बदलतात. समजा गोलकीपर सामन्याला २५ फटके अडवतो आणि ४० सामने खेळतो. झाले हजार. अडवलेल्या फटक्यामागे एक डॉलर, आणि तेवढीच भर घालणारा एखादा स्थानिक दुकानदार मिळाला, की दोन हजार. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण गणित असंच चालतं.

खरा घोळ होतो तो जानेवारीत. ज्युनिअर खेळाडूंची अदलाबदल होते. सतरा वर्षांचा मुलगा, एका शहरात ‘बिलेट’ कुटुंबाकडे म्हणजे परक्याच्या घरी राहणारा, एक फोन येतो आणि दुसऱ्या प्रांतात जातो. त्याचा उपक्रम? तो मागे राहतो, आणि बहुतेकदा बंद पडतो. यावर उपाय एकच: पहिल्या दिवसापासून स्थानिक संस्था सोबत घ्यायची, पैसे तिच्या खात्यात, देणगीदारांची यादी तिच्याकडे. मग मुलगा गेला तरी काम चालू राहतं. पुरस्कारासाठी नुसते फोटो आणि भेटींची संख्या दाखवणाऱ्या शिफारशीपेक्षा अशी शिफारस मला तरी कितीतरी वजनदार वाटते.

वेळेचंही भान हवं. ओंटारिओ आणि वेस्टर्नमध्ये साखळीचेच ६८ सामने, बरेचसे शुक्रवार ते रविवार. शिवाय शाळा, सराव, बसचे लांबलचक प्रवास. त्यामुळे कॅनडात राहणाऱ्या मराठी मंडळींनी आपल्या मंडळाच्या किंवा मुलांच्या शाळेच्या कार्यक्रमाला असा खेळाडू बोलवायचा असेल, तर मंगळवार-बुधवार धरा. खेळाडूला थेट गाठू नका, संघाच्या कार्यालयात महिनाभर आधी लेखी कळवा. आणि मार्चअखेरची तारीख मागू नका, तेव्हा प्लेऑफ, म्हणजे साखळीनंतरचे बाद फेरीचे सामने, सुरू झालेले असतात.