हजेरीतलं आडनाव

(दृश्य: पत्र्याचं छत असलेला वर्ग. सर हजेरी घेत आहेत.)

'पाटील.' हजर सर. 'चौधरी.' हजर सर. 'पठाण.' हजर सर. मग सर पुढचं आडनाव घेतात, 'भिल', आणि मागच्या बाकावर एक जण धनुष्य ओढल्यासारखा हात करतो. आवाज नाही, नुसता हात. सरांची मान मस्टरमध्ये असते.

आम्ही चित्रीकरण केलं ती ही शाळा शहादा-तळोद्याच्या पट्ट्यातली. नाव सांगत नाही. शेजारच्या गावात गेलो असतो तरी फार वेगळं काही दिसलं नसतं. 1998 साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा. 2011 च्या जनगणनेत इथल्या शंभरातले 69 लोक आदिवासी. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा. खाली तापीकाठच्या गावांत गुजर, पाटील, बंजारा, मुसलमान. जिल्ह्यात ज्यांची संख्या जास्त, तीच पोरं सपाटीवरच्या वर्गात मागच्या बाकावर असतात.

(दृश्य: मधली सुट्टी. खिचडीचं पातेलं.)

खिचडी एकाच पातेल्यातली. पंगत मात्र गल्लीप्रमाणे. भिलाटीतली पोरं भिंतीकडे, बाकीची ओट्यावर. कुणी बसवलेलं नाही, आपोआप बसतात. मोठ्या इंग्रजी शाळांत आदिवासी विकास विभाग आपल्या 'प्रकल्प' कार्यालयामार्फत फी भरून मुलं पाठवतो, तिथं त्यांना 'प्रकल्पवाले' म्हणतात. शब्द सरकारी, पण उच्चारायची तऱ्हा ऐकली की कळतं.

भिंतीकडच्या पंगतीतल्या एका मुलाला वर्गात सगळे 'याहा' म्हणतात. पहिलीत असताना बाईंनी चित्रातल्या बाईवर बोट ठेवून विचारलं, ही कोण? तो म्हणाला, याहा. त्याच्या घरी आईला याहाच म्हणतात. वर्ग हसला आणि नाव चिकटलं. आता तो सहावीत आहे. महाशिवरात्रीला सातपुड्यातली माणसं नवस फेडायला सीमेपलीकडे गुजरातेत देवमोगऱ्याला जातात, ती देवी याहामोगी. तिच्या नावातली याहा हीच.

हसणारी पोरं कुठल्या भाषेत हसत होती? अहिराणीत. 'काय बोली ऱ्हायना रे तू?'

मीही हीच भाषा बोलत वाढलो. पुण्याला कॉलेजात गेलो, पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये 'पानी' मागितलं आणि टेबलावर हशा पिकला. तीन वर्षं मला 'पानी' अशीच हाक होती. गमतीनं, अर्थात. चिडवणारा नेहमी गंमतच करत असतो.

इंग्रजांच्या काळात ग्रियर्सननं केलेल्या भाषा सर्वेक्षणाचा एक भाग 1907 साली निघाला. त्यात भिली बोली आणि खान्देशी, म्हणजे हीच अहिराणी, एकाच पुस्तकात बांधलेल्या आहेत. राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या 22 भाषांत आज दोघींनाही जागा नाही. आणि 2011 च्या जनगणनेत आपली मातृभाषा खान्देशी म्हणून मोजले गेलेले लोक साडेअठरा लाखांच्या आसपास, तर भिली गटातले एक कोटीच्या वर. वर्गात कोण कुणाला अडाणी म्हणतं, ते मघाशी पाहिलंच.

(दृश्य: जमिनीवर उपडं केलेलं दप्तर.)

जळगाव जिल्ह्यातल्या एका शाळेत कंपासपेटी हरवली. पहिलं दप्तर उघडलं ते पारध्याच्या पोराचं. दप्तर उपडं केलं. एक वही, तुटकी पट्टी, प्लास्टिकच्या पिशवीत चार चिंचा. संध्याकाळी कंपासपेटी ज्याची होती त्याच्याच घरी, गादीखाली निघाली. पारध्यांसारख्या काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा 1871 चा, तो 1952 मध्ये रद्द झाला. कंपासपेटीची गोष्ट मागच्या वर्षीची आहे. पोराची कुणी माफी मागितली का, असं आम्ही विचारलं. 'लहान पोरं आहेत हो,' असं उत्तर आलं.

(दृश्य: भोंगऱ्या बाजार. ढोल, माणसांची दाटी.)

इथं एक गोष्ट मला माझ्याच आवाजात सांगायची आहे. पाचवीत माझ्या बाकावर एक भिल्ल मुलगा होता. दिवाळीनंतर तो आईबापाबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेला. रोज सर त्याचं नाव घ्यायचे आणि आम्ही सगळे एका सुरात ओरडायचो, 'सर, तो ऊस तोडाले गया!' त्या ओरडण्याची आम्ही वाट बघायचो, इतकी मजा यायची. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजारात तो दिसला. त्याच्या गळ्यात ढोल होता, त्याच्यापेक्षा मोठा. मला बघून त्यानं वाजवणं थांबवलं आणि नावानं हाक मारली. माझ्याबरोबर गल्लीतले दोन मित्र होते. मी ऐकलंच नाही असं केलं आणि शेवेच्या दुकानाकडे वळलो.

सहावीत तो आला नाही.

(दृश्य: पुन्हा तोच वर्ग.)

या शाळेत आता नव्या मॅडम आल्या आहेत. त्या हजेरी नुसत्या नावानं घेतात. मस्टरमध्ये आडनाव आहेच, पण त्या ते वाचत नाहीत. मागच्या बाकावरचा हात अर्धा वर येतो आणि खाली जातो. कुठल्या नावावर उचलायचा ते त्याला समजत नाही. जमेल तितकं मातृभाषेतून शिकवावं, असं 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय. त्या 'जमेल तितकं' वर बरंच काही निभावून नेलं जातं. मॅडमना पावरीही येत नाही आणि भिलीही. त्यांनी फक्त फळ्यावर 'आई' लिहिलं आणि ज्याला आपल्या घरचा शब्द लिहायचा त्यानं पुढं यावं, म्हणाल्या. माय. अम्मी. बंजाऱ्यांची याडी. चौथा शब्द लिहायला तो मुलगा उठला. खडू तुटेल इतका दाबून त्यानं 'याहा' लिहिलं. कुणी हसलं नाही; पण कॅमेरा चालू होता, हेही सांगायला हवं.

सुट्टी झाली. नळावर कुणीतरी ओरडलं, 'ए याहा!'

तो वळला. ओंजळभर पाणी त्या पोराच्या तोंडावर मारलं आणि पळाला. दुसरा त्याच्या मागे. दोघं शाळेच्या कोपऱ्यावरून दिसेनासे झाले. तो चिडला होता की खेळत होता, हे आम्हाला चित्रीकरण तीनदा पाहूनही ठरवता आलेलं नाही.