पोट बरं झालं, मग पाय का गेले?

नमस्कार मंडळी! मी पुण्यात धायरीत राहतो, त्यामुळे आजचा विषय माझ्यासाठी शेजारच्या फ्लॅटमधला आहे. २०२५ च्या जानेवारीत आमच्या शेजारच्या काकू सकाळी दूध आणायला खाली उतरल्या आणि एक चप्पल जिन्यातच राहिली, त्यांना पत्ताच नाही, वॉचमनने सांगितलं की काकू, एका पायात चप्पल नाहीये. आम्ही हसलो पण. दुसऱ्या दिवशी त्यांना खुर्चीतून उठता येईना, तिसऱ्या दिवशी हातातून चहाचा कप सुटला. दहा-बारा दिवसांपूर्वी त्यांना जुलाब झाले होते, थोडा तापही होता, ओआरएस घेतलं, मऊ भात खाल्ला आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं होतं.

तुम्हाला आठवत असेल, तेव्हा पेपरात रोज जीबीएस जीबीएस चाललं होतं, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम, हातपाय अचानक लुळे पाडणारा नसांचा आजार. सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, आमची धायरी. खरं तर हा आजार वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा, आणि इथे काही आठवड्यांत पेशंटचा आकडा दोनशेच्या आसपास गेला. गिया आणि बारे हे फ्रेंच डॉक्टर, १९१६ साली त्यांनी आणि त्यांच्या स्ट्रोल नावाच्या सहकाऱ्याने दोन सैनिकांमध्ये हा प्रकार नोंदवला, पण नावात बिचारा स्ट्रोल राहूनच गेला. लोक उगाच लिफ्टमध्ये लांब उभे राहायचे, पण जीबीएस काही एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

मग जुलाबाचा आणि पायांचा संबंध काय? डॉक्टरांनी काकूंच्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, एरवी पाय टुणकन उडतो ना, तो हललाच नाही, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, मागच्या महिन्यात पोट बिघडलं होतं का? पुण्यातल्या पेशंटच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू सापडला होता, काहींमध्ये नोरोव्हायरससुद्धा. या कॅम्पिलोबॅक्टरच्या अंगावर साखरेच्या कणांची एक नक्षी असते आणि आपल्या नसांच्या पेशींवर गॅन्ग्लिओसाइड नावाचे जे रेणू असतात त्यांच्यावर जवळपास तीच नक्षी. शरीर जिवाणूविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, जिवाणू मरतो, जुलाब थांबतात, पण त्या अँटिबॉडी रक्तात फिरतच असतात आणि नसा दिसल्या की त्यांनाच धरतात. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! म्हणूनच मधे एक ते तीन आठवडे जातात आणि आपल्याला वाटतं हे काहीतरी नवीनच आलं.

घसा दुखण्याचंही असंच आहे. स्ट्रेप्टोकोकसने घसा धरला, शाळकरी पोराला गोळ्या अर्धवट दिल्या किंवा दिल्याच नाहीत, तर दोन-तीन आठवड्यांनी कधी कधी सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपांना इजा होते, त्याला ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. मग दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, आणि तेही वर्षानुवर्षं.

आता इथे एक ब्रेक मारतो, कारण व्हॉट्सॲपवर थायरॉइडपासून सोरायसिसपर्यंत सगळं कुठल्यातरी तापाच्या माथी मारायची फॅशन आहे. कॅम्पिलोबॅक्टरचं इन्फेक्शन झालेल्या साधारण हजारात एकाला जीबीएस होतो, बाकीचे ९९९ जण ताक-भात खाऊन कामाला लागतात. एपस्टीन-बार व्हायरस बघा, तो जगात जवळपास सगळ्यांनाच कधी ना कधी होऊन जातो. २०२२ साली अमेरिकन सैन्यातल्या एक कोटी लोकांच्या नोंदी तपासल्या तर या व्हायरसच्या लागणीनंतर मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजाराचा धोका ३२ पट वाढलेला दिसला, एवढा तगडा संबंध, आणि तरीही व्हायरस झालेल्या बहुतेकांना तो आजार कधीच होत नाही. व्हायरसशिवाय अजून काहीतरी लागतं, आपली जीन्स, आणि बरंच काय काय.

काकूंना आयव्हीआयजी दिलं. ही हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेली अँटिबॉडी असते, किलोला २ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, साधारण पाच दिवसांत. अनोळखी लोकांच्या अँटिबॉडी काकूंच्या भरकटलेल्या अँटिबॉडींना आवरायला आल्या, मला तर हे भारीच वाटलं, बिल बघितल्यावर जरा कमी वाटलं. छातीचे स्नायू गळाले तर व्हेंटिलेटर लागतो, काकूंवर ती वेळ आली नाही.

एक घरातली गोष्ट सांगतो. हा जिवाणू कोंबडीच्या आतड्यात मजेत राहतो, तिला स्वतःला सहसा काही होत नाही. आपण चिकन आणलं की सिंकमध्ये नळाखाली खळाखळा धुतो, आमच्या घरी आई तर तीनदा धुवायची, आणि ते शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर, काकडीवर उडतात. चिकन शिजताना जिवाणू मरतो हो, कोशिंबिरीतला कोण मारणार? आम्ही आता धुणं बंद केलंय, आईला अजून पटलेलं नाही. आणि टँकरचं, विहिरीचं पाणी सरळ उकळतो.

काकू दीड महिन्याने घरी आल्या, पुढचे चार महिने फिजिओथेरपी. आता जिना चढतात, उजवं पाऊल तेवढं अजून जरा फरफटतं. त्यांनी साध्या चपला वॉचमनच्या बायकोला देऊन टाकल्या आणि मागे पट्टा असलेल्या सँडल आणल्यात, एकदम तीन जोड.