पेटी उघडून पाहणारा नाका

(फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, २०१८ च्या जुलैत मासळीतल्या फॉर्मेलिन या घातक रसायनावरून गोव्यात केवढे रान उठले होते, ते तुम्हांला आठवत असेल. गोव्याच्या सीमेवर पात्रादेवीच्या किंवा पोळेच्या नाक्यावर एरवी गाडीचा नंबर आणि कागदपत्रे पाहतात. त्या दिवसांत पेटी उघडून आतले नुस्ते तपासायची वेळ आली. संगणकांच्या नेटवर्कवरही असाच नाका असतो, त्याला फायरवॉल म्हणतात. साधी फायरवॉल कागद पाहते: पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा गठ्ठा, कुठून आले, कुठे निघाले, कोणत्या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या कितव्या दारावर. पेटी उघडते ती घुसखोरी रोखणारी यंत्रणा, इंट्रूजन प्रिव्हेन्शन, म्हणजे आयपीएस. आणि पेटीत नेमके काय शोधायचे, याची लिहून ठेवलेली खूण म्हणजे सिग्नेचर.

ही खूण कशाची असावी? माझ्या मते सगळी विद्या या प्रश्नात आहे. २५ जानेवारी २००३ ला स्लॅमर नावाचा वर्म, म्हणजे आपोआप एका यंत्रातून दुसऱ्यात पसरणारा घातक प्रोग्रॅम, सुटला. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या माहिती साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या एका त्रुटीतून तो शिरत होता. आकार फक्त ३७६ बाइट, एकाच पॅकेटमध्ये मावणारा. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी बाधित यंत्रांची संख्या दुप्पट होत होती आणि दहा मिनिटांत जगातली बहुतेक कच्ची यंत्रे त्याने गाठली. माणसाने फोन उचलून कोणाला कळवेपर्यंत सगळे आटोपले होते. दुरुस्तीचा पॅच मात्र सहा महिने आधीच, जुलै २००२ मध्ये आलेला होता.

आता याची सिग्नेचर लिहायची तर एक मार्ग असा, की त्या ३७६ बाइटांतला एखादा तुकडा जसाच्या तसा शोधायचा. पण हल्लेखोराने चार बाइट बदलले की ती खूण वाया गेली. दुसरा मार्ग मला मनापासून आवडतो. एसक्यूएल सर्व्हरच्या १४३४ या यूडीपी पोर्टवर (यूडीपी ही पॅकेट पाठवण्याची एक पद्धत) ज्या मागणीचा पहिला बाइट ४ असतो, तिच्यात पुढे इन्स्टन्सचे, म्हणजे त्या यंत्रावर चालणाऱ्या एसक्यूएल सर्व्हरच्या एका प्रतीचे, नाव येते. ते नाव १६ अक्षरांपलीकडे जात नाही. मग पहिला बाइट ४ आणि पॅकेट शंभर बाइटांहून मोठे असेल, तर ते अडवा. नाव सांगायला एवढी जागा लागतेच कशाला? ही खूण चोराच्या चेहऱ्याची नाही, खिळखिळ्या कडीची आहे. उद्या दुसराच चोर त्याच कडीला हात घालील, तरी तो सापडतो.

खूण ढिली लिहिली तर निरपराध माणूस अडतो. हे मी एका पतसंस्थेत पाहिले आहे. एका सिग्नेचरने त्यांचाच रात्रीचा बॅकअप तोडला. कोणीतरी घाईघाईत सगळे आयपीएस ‘फक्त नोंद करा’वर टाकले आणि ते तसेच राहिले. मी गेलो तेव्हा यंत्रावर हिरवा दिवा होता, लायसन्सचे पैसे भरलेले होते आणि अडवले जात नव्हते काहीच. मला फार वाईट वाटले, कारण तिथे सामान्य माणसांच्या ठेवी होत्या. बंद करायची होती ती एकच सिग्नेचर, तीही त्या एका बॅकअप सर्व्हरपुरती. नवीन सिग्नेचर आधी काही दिवस नोंदीवर ठेवावी, कोण अडले असते ते रोज वाचावे आणि मग ती अडवायला लावावी. हे वाचण्याचे काम एका माणसाच्या नावावर असले पाहिजे.

एचटीटीपीएसची, म्हणजे संकेतस्थळांशी सांकेतिक रूपात होणाऱ्या देवाणघेवाणीची, पेटी मात्र सीलबंद येते. सील उघडल्याशिवाय आयपीएसला आतले फारसे काही दिसत नाही. उघडायची तर कार्यालयातल्या प्रत्येक यंत्रावर आपले सर्टिफिकेट, म्हणजे फायरवॉलची ओळख पटवणारा डिजिटल दाखला, बसवावे लागते, आणि बँकेची, इस्पितळाची संकेतस्थळे त्यातून वगळावीत, असे माझे ठाम मत आहे. कर्मचाऱ्यांनाही हे आधी सांगायला हवे.

शेवटचा मुद्दा नाक्याच्या जागेचा. मे २०१७ मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा वर्म आला तेव्हा तो कार्यालयातल्या नेटवर्कच्या आतल्या आतही, फायलींची देवाणघेवाण होते त्या ४४५ पोर्टवरून एका यंत्रातून दुसऱ्यात शिरत होता. पात्रादेवीला कितीही कडक पहारा ठेवा, म्हापशाहून पणजीला निघालेली गाडी त्या नाक्यावर येतच नाही. म्हणून त्या पतसंस्थेत आम्ही एका रविवारी काउंटरची यंत्रे, हिशेबाचा सर्व्हर आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर यांची तीन वेगळी नेटवर्के केली आणि त्यांच्यामधली ये-जा फायरवॉलमधून वळवली. त्यानंतरची पहिली गंभीर नोंद बाहेरून आली नाही. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर रात्री दोन वाजता हिशेबाच्या सर्व्हरचे ४४५ पोर्ट ठोठावत होता.