कृपासदन

[दृश्य: केडगाव स्टेशन, पहाट. पॅसेंजर गाडी फलाटाला लागते आहे.]

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी केडगावला थांबते. स्टेशनापासून जवळच पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनचं आवार आहे. इथल्या एखाद्या ख्रिस्ती आजीला 'कसं काय?' म्हणून विचारलं तर उत्तर येतं, 'प्रभूच्या कृपेनं बरं आहे.' वाक्य इतकं रोजचं झालंय की त्यातला 'कृपा' हा शब्द आता कानाला जाणवतही नाही.

हा शब्द काही मिशनऱ्यांनी बोटीतून आणलेला नाही. संतांनी तो आधीच मराठीत घरोघर पोचवला होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं रेव्हरंड ना. वा. टिळक सांगत, ते उगाच नव्हे. पण ख्रिस्ती माणूस 'कृपा' म्हणतो तेव्हा त्याला नेमकं काय म्हणायचं असतं? बायबलातल्या पौलापासून जर्मन धर्मसुधारक ल्यूथरपर्यंत पुष्कळ मोठी माणसं त्यावर हिरिरीनं भांडली आहेत. ते भांडण आज बाजूला ठेवू. हा शब्द उमगायला पंडिता रमाबाईंना आठ वर्षं लागली. ती आठ वर्षं पाहू.

[दृश्य: रमाबाईंचं छायाचित्र. पांढरं लुगडं, कापलेले केस.]

जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेला माणूस. त्याच आईनं पुढे रमाला शिकवलं. हे कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थाटन करत राहिलं. पुराणं सांगायची, नद्यांत स्नानं करायची, उपास करायचे, दानधर्म करायचा. पुण्य साठत जाईल, मग देव पावेल, हा हिशेब. पुढे दुष्काळ आला. गाठीचं सगळं संपलं. थोड्या महिन्यांच्या अंतरानं आई, वडील आणि थोरली बहीण गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास तेवढे उरले आणि चालत राहिले.

1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. मग लग्न, मुलगी मनोरमेचा जन्म, आणि 1882 मध्ये पती बिपिनबिहारींचा कॉलऱ्यानं मृत्यू. त्याआधीच भाऊही गेलेला. पंचविशी गाठेपर्यंत या बाईनं जवळची इतकी माणसं गमावली होती.

[दृश्य: इंग्लंड. जुनी चित्रं. पावसाळी रस्ता.]

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या सिस्टर्सकडे, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींकडे, उतरल्या. त्या सिस्टर्सचं लंडनमध्ये फुलम भागात एक घर होतं. समाजानं 'पतित' ठरवलेल्या बायका तिथं राहत. रमाबाईंनी ते पाहिलं आणि चकित झाल्या. अशा बाईला जवळ करावं, तिची सेवा करावी, हे त्यांनी कुठं पाहिलं नव्हतं. 'तुम्ही हे का करता?' असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल एका सिस्टरनं बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय समोर ठेवला. भर दुपारी विहिरीवर आलेली शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातली, बाई. पाच नवरे झालेले, आता घरात आहे तो नवराही नव्हे. आणि येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो.

आधी सुधारून ये, मग बोलू, असं तो म्हणत नाही. तिचं सगळं आयुष्य त्याला ठाऊक आहे, आणि तरी बोलणं त्यानंच सुरू केलेलं आहे.

29 सप्टेंबर 1883 ला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. कथा इथं संपायला हवी होती, नाही का? पण रमाबाईंनीच पुढे आपल्या 'साक्षीत', म्हणजे श्रद्धेच्या आत्मकथनात, लिहून ठेवलं की त्या दिवशी मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. इतकं प्रांजळपणे किती जण लिहितात? मत पटलं होतं, बुद्धीनं होकार दिला होता. सिस्टर्सशी पत्रांतून त्या सिद्धान्तांवर तावातावानं वादही घालत होत्या. मला वाटतं, जुनी वही मिटली होती आणि नवी उघडली होती, एवढंच. हिशेब मात्र चालूच होता.

पुढे त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याची आत्मकथा आली. या गृहस्थांची गंमत अशी, की 1851 मध्ये स्वतःच्याच उपदेशपीठावर, स्वतःचाच उपदेश करता करता यांचं मन पालटलं! पाळक झालेल्या माणसालाही तारणाची, म्हणजे पापातून सुटकेची, गरज पडते, हे वाचून रमाबाई थबकल्या. 1891 च्या सुमारास त्यांच्या मनातला तो हिशेब थांबला.

[दृश्य: बायबलचं पान. त्यावर बोट फिरतं.]

मराठी बायबलात रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात दोन शब्द शेजारी आले आहेत: वेतन आणि कृपादान. वेतन कामाचं मिळतं, ते मागायचा हक्क असतो. कृपादानावर हक्क सांगता येत नाही, ते रिकाम्या हातानं घ्यावं लागतं. भागवताचे 18,000 श्लोक ज्या बाईला पाठ, तिला हात रिकामा करणं जड गेलं, यात नवल नाही. अडाण्याला ते सोपं जात असेल. विद्वानाला नाही.

मग शंका येतेच. फुकट मिळालं, तर आता हातपाय कशाला हलवायचे?

[दृश्य: मुक्तीचं आवार. विहीर, झाडं, दगडी इमारती.]

1896-97. मध्य प्रांतात दुष्काळ. रमाबाई तिकडे गेल्या. उपासमार त्यांनी लहानपणी अंगावर काढलेली होती. त्या मुलींचे चेहरे त्यांना नवे नव्हते. सुमारे 300 मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे दिवस, शहरात इतक्या मुली ठेवू देईनात, म्हणून केडगावच्या माळावर आल्या. तंबू पडले, विहिरी खणल्या गेल्या. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. पुढे वस्ती 2,000 च्या घरात गेली. अंधांसाठी बार्तीमी सदन निघालं. तिथं मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवली.

आणि एक घर निघालं ते घराबाहेर काढलेल्या, नासवलेल्या, कुणी उभंही करत नव्हतं अशा बायकांसाठी. त्याचं नाव कृपासदन. फुलमचं ते घर सतरा-अठरा वर्षं रमाबाईंच्या मनात होतं. आता ते भीमेच्या खोऱ्यात उभं राहिलं.

[दृश्य: जुना छापखाना. छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांच्या पेट्या.]

शेवटची वर्षं गेली बायबलच्या भाषांतरात. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतातली ही पंडिता, पण भाषा मुद्दाम साधी ठेवली, खेड्यातल्या बाईला वाचता यावी अशी. 1921 मध्ये मनोरमा गेली. काम थांबलं नाही. मुद्रितं तपासून झाली आणि 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या.

छपाई इथंच, मुक्तीच्या छापखान्यात झाली. खिळे जुळवायला बायकाच होत्या, दुष्काळातून आणलेल्या, रमाबाईंच्या हाताखाली अक्षरओळख झालेल्या. योहानाचा चौथा अध्यायही त्यांनीच जुळवला, एकेक खिळा उचलून: विहीर, दुपार, घागर सोडून गावाकडे धावत गेलेली बाई.