कानातून येणारा आवाज

श्रोतेहो, नमस्कार. निरोगी कानाच्या नळीत अतिशय संवेदनशील मायक्रोफोन बसवला, तर आतून बाहेर येणारा एक मंद आवाज त्यात सापडतो. डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली लंडनमध्ये हे दाखवून दिलं, तेव्हा अनेकांचा त्यावर विश्वास बसला नव्हता.

हा आवाज येतो कर्णावर्तातून, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या पोकळीतून. अडीच वेढ्यांच्या या पोकळीतला आधारपटल नावाचा पडदा उलगडला, तर भरतो सुमारे ३५ मिलिमीटर. मधल्या कानाकडे तो अरुंद आणि ताठ, म्हणून तिथे वरचे सूर थरथरतात. शेंड्याकडे रुंद आणि सैल, तिथे खर्ज. त्यावर केसपेशींच्या, म्हणजे केसांसारखे तंतू असलेल्या, आवाज टिपणाऱ्या पेशींच्या रांगा असतात. आतल्या एका रांगेत साधारण साडेतीन हजार, बाहेरच्या तीन रांगांत बारा हजार. गंमत अशी, की मेंदूला बातमी देतात त्या मुख्यतः आतल्या. बाहेरच्या पेशी विद्युतदाब बदलला की आखडतात, लांबतात. प्रेस्टिन नावाच्या प्रथिनामुळे हे घडतं. त्याचा शोध २००० सालचा. अशा हालचालीने बाहेरच्या पेशी पटलाला ठोके देतात आणि बारीक आवाज वाढवतात. त्या गेल्या, तर ४० ते ५० डेसिबलचं ऐकणं जातं. या धडपडीतला थोडा भाग उलटा बाहेर येतो, तोच केम्प यांना सापडलेला आवाज.

प्रयोगशाळेत तो असा मोजतात: कानात ३,२८० आणि ४,००० हर्ट्झचे दोन सूर एकदम सोडायचे, पहिला ६५ आणि दुसरा ५५ डेसिबलचा. चांगला कान २,५६० हर्ट्झचा तिसराच सूर काढतो, पहिल्याची दुप्पट वजा दुसरा. यंत्राने तो दिलेलाच नसतो. तो आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा ६ डेसिबल वर निघाला, की सहसा 'पास' धरतात.

आता ठाण्यात घोडबंदर रोडकडे खिडकी असलेल्या खोलीत ही चाचणी घेतलीत, तर ट्रकच्या घरघरीत १,००० हर्ट्झखालचे आकडे बुडतात. एसी आणि पंखा बंद हवा, कानात बसवायचा प्रोब, म्हणजे यंत्राचं टोक, घट्ट हवा. मळ किंवा सर्दी असली, तरी निकाल बिघडतो. कारण इथे आवाजाला मधल्या कानातून दोनदा जावं लागतं, आत जाताना आणि परत येताना. म्हणून आधी टिम्पॅनोमेट्री, म्हणजे कानाचा पडदा आणि मधला कान तपासणारी चाचणी, करून घ्यावी. नवजात बाळाच्या कानात पहिल्या दिवशी जन्मावेळचा चिकट थर असतो, त्यामुळे दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं आणि दूध पिऊन झोपलेल्या बाळाचीच चाचणी घ्यावी. नापास म्हणजे बहिरेपण नव्हे, पुन्हा तपासणी.

आणि पास म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. बाहेरच्या पेशी शाबूत, पण आतल्या पेशी किंवा मज्जातंतू बिघडलेले, असंही असतं. म्हणून अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा तीव्र काविळीच्या बाळांची 'बेरा', म्हणजे आवाजाला मज्जातंतू आणि मेंदू देत असलेला प्रतिसाद मोजणारी चाचणी, करावीच.

२००९ साली अमेरिकेत कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा गोंगाट ऐकवला. काही दिवसांत त्यांची श्रवणपातळी पूर्ववत झाली, पण वरच्या सुरांच्या भागातल्या आतल्या पेशींचे सुमारे निम्मे मज्जातंतूंचे जोड कायमचे गेले होते. माणसात हे किती घडतं, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. तरीही दहीहंडीला डीजेच्या भिंतीजवळ उभं राहिल्यावर दुसऱ्या दिवशी कानातली शिट्टी थांबली, म्हणून नुकसान टळलं असं समजू नका. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या नेहमीच्या चाचणीचा आलेख, साफ असून गर्दीत बोलणं कळत नसेल, तर ऑडिओलॉजिस्टकडे गोंगाटातलं बोलणं ओळखण्याची चाचणी मागा.